गाडी येऊन राह्यली होती

१५ जानेवारी १९५८, संक्रांतीची कर, म्हणजे दुसरा दिवस. रक्कम दोन हजार रुपये, शंभराच्या वीस नोटा. जागा आमची ओसरी. हजर माणसं चार: मी, माझी सासू, गावचे मालक आणि हिंगणघाटच्या एका कापसाच्या जीनचा मुनीम.

मालक म्हणजे पूर्वीचे मालगुजार. मालगुजारी जाऊन सहा-सात वर्षं झाली होती, तरी गावात त्यांना कोणी दुसऱ्या नावानं हाक मारत नव्हतं. मुनीम ज्या जीनचा, त्या जीनमालकाच्या पुतण्यानं महिन्यापूर्वी ट्रक चालवताना माझ्या नवऱ्याला मारलं होतं. ‘मारलं’ हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. त्या महिन्यात मला भेटलेला प्रत्येक शहाणा माणूस ‘अपघातात गेले’ असं म्हणत होता आणि मी दर वेळी त्याला दुरुस्त करत होते.

मुनीमानं बसल्याबरोबर आमच्याच घरचं पितळी ताट मागून घेतलं. लक्ष्मी भुईवर ठेवू नये म्हणाला. ताटात त्यानं नोटा मांडल्या आणि पाणी मागितलं. त्या वर्षी आमच्या घरी वाण घेऊन कोणी आलं नव्हतं, त्यामुळे संक्रांतीला आमच्या उंबऱ्यावर चढलेले पहिले पाहुणे हेच दोघे.

पुढचं सांगण्याआधी त्या संध्याकाळचं सांगते.

आमची शेती अकरा एकर. सात एकरांत कापूस, चारांत ज्वारी. डिसेंबरात दुसऱ्या वेच्याचा कापूस घेऊन आम्ही दोघं हिंगणघाटच्या बाजारात गेलो होतो. बायका सहसा बाजारात जात नसत, पण मी मराठी सातवी झालेली आणि काट्यावरचं वजन मी स्वतः पाहत असे. आमचा अडत्या यांना म्हणायचा, “तुमची घरधनीण आली की आमचा काटा शाळेत बसल्यासारखा सरळ बसते.” हे हसायचे. वजन माझ्याकडे, बैल यांच्याकडे, अशी आमची वाटणी होती.

येताना गाडी रिकामी. मी मागं बोऱ्यांवर बसले होते, तोंड पुढं. दिवेलागण झाली तसा मी कंदील पेटवून धुरेखाली बांधला. नागपूरच्या सडकेला मधोमध डांबर आणि दोन्ही कडांना मातीची पट्टी. यांनी आयुष्यात कधी बैल डांबरावर घातले नाहीत. डांबरानं खूर घासतात, म्हणत. आम्ही आमच्या डाव्या हाताच्या मातीवरून चाललो होतो. समोरून कडब्यानं भरलेली एक गाडी येत होती आणि तिच्या मागून ट्रकचे दिवे. ट्रक कडब्याच्या गाडीला वळसा घालून पुढं निघाला, पण परत आपल्या बाजूला गेलाच नाही. दिवे सरळ आमच्याकडं आले. मला एवढंच आठवतं की यांनी “हो, हो” असं बैलांना म्हटलं, अगदी रोजच्या आवाजात.

उजवा बैल जागीच गेला. यांना त्याच ट्रकमधून हिंगणघाटच्या दवाखान्यात नेलं. पोचण्याआधीच सगळं संपलं होतं.

ट्रक थांबल्यावर चालवणारा पोरगा खाली उतरला. वीस-बावीस वर्षांचा, अंगात पांढरा सदरा. तो पहिल्यांदा आमच्याकडं आला नाही. शेजारी बसलेल्या पगारी ड्रायव्हरला म्हणाला, “चाचा को मत बोलना, मेरे पास लायसन नहीं है.” मी ते ऐकलं. त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य ते होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात जमादारानं माझं बयान घेतलं. जमादार इकडचाच, आर्वीकडला. त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि ते त्याला माहीत होतं. मी घरात बोलते तशी बोलत गेले. शुद्ध-अशुद्ध सुचायची ती वेळ नव्हती. त्यानं लिहिलं, वाचून दाखवलं, मी मान हलवली. पोलिसाच्या बयानावर सही घेत नाहीत, तशी माझीही घेतली नाही.

आता परत ओसरीवर येते.

मुनीम बोलायला गोड होता. आधी त्यानं दुःख सांगून घेतलं, मग पुतण्याच्या आईची तब्येत सांगितली, मग कायदा सांगितला. लायसन नव्हतं हे आम्ही कबूलच करणार आहोत, म्हणाला. त्याचा वेगळा दंड असतो, तो भरून टाकू. पण लायसन नाही म्हणून माणूस मेला, असं कायदा म्हणत नाही. माणूस चालवणाऱ्याच्या बेपर्वाईनं मेला असेल तरच तीनशे चार-अ लागतं आणि तुरुंग होतो. हे त्याला त्यांच्या वकिलानं शिकवलं होतं आणि ते खरंही होतं. पुढं सरकारी वकिलानंही मला तेच सांगितलं. मी विचारलं, मग माझ्याकडं काय काम आहे?

“बाई, तुम्हाले झूठ बोलायचंच नाई,” मुनीम म्हणाला. “तुमच्या बयानात जे लिहिलं हाय, तेवढंच कोर्टात बोलायचं. एक शब्द जास्त नाई, एक शब्द कमी नाई.”

“काय लिहिलं हाय?”

त्याला पाठ होतं. “आमची गाडी सडकेवर येऊन राहिली होती.”

“बराबर तं हाय,” आत्याबाई म्हणाल्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणत असे. “येऊनच राह्यली होती.”

“मंग झालं तं,” मालक म्हणाले आणि त्यांनी मांडीवर हात आपटून विषय संपवला.

क्षणभर मलाही ते बरोबरच वाटलं. मी तेच सांगितलं होतं. गाडी येऊन राह्यली होती. पण ताटात वीस नोटा होत्या, आणि बाजारात इतकी वर्षं वजनं पाहिल्यामुळे एवढं कळत होतं की फुकट मिळणाऱ्या मालाला कोणी भाव देत नाही.

“मालक,” मी म्हटलं, “खरं बोलासाठी दोन हजार रुपये काऊन देऊन राह्यले?”

मालकांनी मुनीमाकडं पाहिलं. मुनीमाला घाई झाली होती की मी अडाणी आहे असं त्याला वाटलं होतं, कोण जाणे. तो म्हणाला, “येऊन राहिली मतलब आकर ठहर गयी. उभी राहिली. सडकेवर. कोर्टाचे साहेब नवे आले हायेत पुण्याकडून. ते तसंच वाचतील.”

जे आमच्याकडचे नाहीत त्यांच्यासाठी लिहिते. आमच्या बोलीत ‘येऊन राह्यली’ म्हणजे येत होती. ‘जेवून राह्यला’ म्हणजे जेवतो आहे. इकडचा कोणीही, लहान असो की म्हातारा, याचा दुसरा अर्थ करणार नाही. पण पुण्याच्या पुस्तकी भाषेत ‘येऊन राहिली’ म्हणजे आली आणि तिथंच राहिली. जमादारानं माझं ‘राह्यली’ ऐकलं आणि कागदावर ‘राहिली’ लिहिलं. सव्वा वर्षापूर्वी आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि साहेब लोक तिकडून येऊ लागले. एका यकारानं चालती गाडी उभी झाली होती, आणि जीनमालकाला ती उभीच हवी होती.

मला राग आला तो पैशाचा नव्हे. माझ्याच तोंडचं खरं वाक्य ते माझ्याकडून विकत घेत होते, उलटं करून.

मालक म्हणाले, “सूनबाई, तुह्या दोन पोट्ट्या हायेत. त्याईच्या लग्नाचा हिशोब तूच मांड. तुले तं हिशोब येते.”

मी म्हटलं, मांडला. मी तो खरोखर मांडला होता, नोटा ताटात पडल्या तेव्हाच. दोन हजारांत बैलजोडी येत होती, विहिरीचं काम होत होतं, दोन्ही मुलींचं साध्या रीतीनं लग्न होत होतं आणि वर उरत होते. त्या हिशोबात कुठंही चूक नव्हती. फक्त दुसऱ्या बाजूला असं लिहावं लागत होतं की ज्या माणसानं कधी डांबरावर बैल घातले नाहीत, त्यानं दिवेलागणीला भर सडकेवर गाडी उभी करून स्वतःला मारून घेतलं. ते सरकारच्या कागदावर राहिलं असतं, त्याच्या मुलींच्या मुलींपर्यंत.

मी हे एवढं बोलले नाही. मी म्हटलं, “मालक, गाडी उभी नव्हती. मी कोर्टात तसंच सांगीन.”

“सांगजो,” मालक म्हणाले. “पर कागद बोलते तिथं. तुले कोण इचारते?”

तेव्हा आत्याबाई उठल्या. त्यांनी ताट उचललं, नोटा मुनीमाच्या पुढं पसरलेल्या उपरण्यात ओतल्या आणि ताट माझ्या हातात दिलं.

“राखेनं घासून टाक,” म्हणाल्या. “आन मुनीमजी, पाणी पेलं असंल तं निंघा. तुमची गाडी येऊन राह्यली असंल.”

मालक मुनीमाच्या मागोमाग उतरले. पुढं वर्षभर ते आमच्या घरावरून जात, पण मान दुसरीकडं असे. आमच्या विहिरीच्या कामाला गावातला एकही माणूस मजुरीला आला नाही, हेही इथं सांगून ठेवते. आम्ही दोघी बायकांनी आणि परगावच्या दोन गड्यांनी ते केलं.

दुसऱ्या आठवड्यात मी हिंगणघाटला ठाण्यात गेले. जमादाराला सांगितलं की तुमच्या शब्दानं घोटाळा झाला आहे, तो दुरुस्त करा. तो दुखावला. मला वाटलं होतं तो घाबरेल, पण त्याला अपमान वाटला.

“बाई, मी का चुकीचं लिहिलं?” तो म्हणाला. “तुम्ही राह्यली म्हणल्या, मी राहिली लिहिलं. कागदावर अशुद्ध कसं लिहू? साहेब लोक पाह्यतेत. तुमचं सगळंच बयान मी शुद्ध केलं. एक राह्यला ठेवला नाई त्यात.”

मी विचारलं, तुम्ही स्वतः त्याचा अर्थ काय धरता? तो म्हणाला, येऊन राह्यली म्हणजे येऊन राह्यली, त्यात धरायचं काय? मला हसावं की रडावं कळेना. त्याच्या मनात गाडी चालतच होती. त्यानं तिला फक्त चांगले कपडे घातले होते.

लिहिलेलं बयान बदलता येत नाही, असं तो म्हणाला, आणि तेही बरोबर होतं.

सरकारी वकील नागपूरचे होते, वयस्कर, दम्याचे. त्यांनी फाईल उघडून ते एकच वाक्य मला वाचून दाखवलं आणि फाईल मिटली. त्यांचं म्हणणं, बाजू अवघड आहे. कडब्याच्या गाडीवाला काही पाहिलं नाही म्हणतो. ट्रकवरचा पगारी ड्रायव्हर शपथेवर सांगणार की बैलगाडी डांबरावर उभी होती, कंदील नव्हता. उरले तुम्ही. तेव्हा बाई, कोर्टात शुद्ध बोला. पुस्तकातलं बोला. “गाडी येत होती” असं म्हणा, म्हणजे साहेबांना शंका राहणार नाही. तुम्ही तर शिकलेल्या आहात.

ते मला पटलं. घरी येऊन मी मनातल्या मनात तशी वाक्यं घोकली. आत्याबाई विचारत, काय पुटपुटून राह्यली वं? मी सांगितलं की पुण्याची भाषा शिकून राह्यली.

साक्षीची पेशी, म्हणजे तारीख, मार्चात लागली. कोर्टात पंखा होता पण तो चालत नव्हता. साहेब पस्तिशीचे, चष्मा, बोलणं हळू. आरोपी पुतण्या पहिल्या बाकावर काकांच्या शेजारी बसला होता, पांढराच सदरा. त्यांचा वकील इथलाच, हिंगणघाटचाच. त्याची आई आमच्या आत्याबाईंच्या माहेरच्या गावची. पण कोर्टात तो असा बोलत होता की जन्म सदाशिव पेठेत झाला असावा.

ईश्वराला स्मरून मी सुरुवात केली, घोकल्याप्रमाणे. आमची गाडी सडकेच्या कडेनं मातीवरून येत होती. कंदील जळत होता. समोरून ट्रक आला आणि त्यानं आपली बाजू सोडली. साहेब लिहून घेत होते. सरकारी वकिलांनी समाधानानं मान हलवली.

मग आरोपीचे वकील उठले. त्यांनी आधी माझं शिक्षण विचारलं, मग शेती, मग विचारलं की घरात तुम्ही असंच बोलता का. मी म्हटलं, नाही.

“मग आज अशी भाषा कोणी शिकवली?”

मी सरकारी वकिलांकडं पाहिलं. आरोपीच्या वकिलांनी ते पाहणं साहेबांना दिसू दिलं. मग त्यांनी जमादारानं लिहिलेलं माझं बयान हातात घेतलं आणि एकेक शब्द वेगळा करून वाचलं. “आमची गाडी सडकेवर येऊन राहिली होती.” नवरा मेला त्याच संध्याकाळी हे बाईंनी सांगितलं, ते म्हणाले. तेव्हा कोणी शिकवायला नव्हतं. आज तीन महिन्यांनी ‘राहिली’ची ‘येत होती’ झाली. बाई, तेव्हा खोटं बोललात की आज?

साहेबांनी लेखणी थांबवून माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात कठोरपणा नव्हता, पण शंका होती, आणि ती शंका रास्तच होती. मी शुद्ध बोलून स्वतःलाच खोटी केली होती.

तेव्हा मी ती भाषा सोडून दिली. ती माझी नव्हती आणि तिचा मला उपयोग नव्हता.

“साहेब,” मी म्हटलं, “मी तवाबी तेच बोलली आन आताबी तेच बोलून राह्यली. आमच्याकडं येऊन राह्यली म्हणजे येतच असते. वकीलसाहेबाईले इचारा, ते घरी का म्हणतेत.”

मागं कोणीतरी हसलं. वकील म्हणाले, मी घरी काय बोलतो हा मुद्दा नाही, कागदावर काय आहे हा मुद्दा आहे. साहेबांनी त्यांना विचारलं, पण इकडे असा प्रयोग आहे का? वकील म्हणाले, असेल, पण जमादारानं लिहिताना ‘राहिली’ लिहिलं आहे, ‘राह्यली’ नाही, आणि शपथेवर आपण बोलीचे अंदाज बांधू शकत नाही.

तिथं मला जमादाराचं वाक्य आठवलं. सगळंच बयान शुद्ध केलं, एक राह्यला ठेवला नाई.

“साहेब,” मी म्हटलं, “त्याच्या खालचं वाचा.”

वकील म्हणाले, साक्षीदारानं कोर्टाला सूचना करायच्या नसतात. साहेबांनी हात पुढं करून कागद मागून घेतला. वाचला. मग सरकारी वकिलांकडं देऊन म्हणाले, पुढची दोन वाक्यं मोठ्यानं वाचा.

सरकारी वकिलांनी चष्मा पुसून वाचलं. “कंदील जळून राहिला होता. समोरून ट्रक जोरात येऊन राहिला होता.”

मी म्हटलं नसतं तरी साहेबांना ते दिसलंच असतं, असं पुष्कळांनी मला नंतर सांगितलं. दिसलं असेल. पण मी वाट पाहिली नाही.

“गाडी येऊन राह्यली म्हणजे उभी असंल,” मी म्हटलं, “तं ट्रकबी येऊन राह्यला व्हता, मंग थोबी उभाच व्हता. दोघंबी आपापल्या जागी उभे व्हते, तं माह्या माणसाले मारलं कोणं?”

साहेबांनी मान खाली घातली आणि बराच वेळ लिहिलं. आरोपीचे वकील खाली बसले, परत उठले, कंदिलाबद्दल काही विचारलं, माझं तोंड पुढं होतं की मागं हे विचारलं, मी सांगितलं, आणि माझी साक्ष संपली. मी पिंजऱ्यातून उतरताना पुतण्या माझ्याकडं बघत होता. तो घाबरलेला होता. मला त्याची दया आली नाही, हे मी लपवत नाही. त्या संध्याकाळी तो ट्रकमधून उतरून पहिल्यांदा आमच्याकडं आला असता तर कदाचित आली असती.

पुढच्या पेशीला जमादार साक्षीला आला, इस्त्रीच्या कपड्यात. साहेबांनी स्वतःच विचारलं, ‘येऊन राहिली’ याचा अर्थ तुम्ही काय घेता? जमादारानं टाचा जुळवून उत्तर दिलं.

“येऊन राह्यली, साहेब. म्हणजे चालून राह्यली. लिहिताना आम्ही शुद्ध करतो.”

“चालत होती म्हणायचं असेल तर ‘येत होती’ का लिहीत नाही?”

“साहेब, ते पुण्याचं झालं. बाई तसं बोलल्या नव्हत्या. बयानात आपल्या मनचं घालता येत नाई.”

या वेळी साहेबसुद्धा हसले. जमादाराला का हसले ते कळलं नाही. आपल्या शुद्धलेखनाला साहेब खूश झाले, असं तो बाहेर येऊन सांगत होता, आणि मीही त्याचा तो आनंद मोडला नाही. पगारी ड्रायव्हरनं गाडी उभी होती असं सांगितलं, पण पंचनाम्यात मेलेला बैल आमच्या बाजूच्या मातीवर पडलेला लिहिला होता. उभा असो की चालता, तो तिथं ट्रकच्या वाटेत नव्हता.

निकाल जूनमध्ये लागला. मी आणि आत्याबाई दोघी गेलो होतो. साहेबांनी वाचला तो सगळा मला समजला नाही, पण तीन गोष्टी समजल्या. पहिली, लायसन नसणं हा वेगळा गुन्हा आहे आणि केवळ त्यामुळे कोणी मृत्यूचा दोषी ठरत नाही. दुसरी, ज्याला चालवायची परवानगी नाही, ज्याचा हात बसलेला नाही, त्यानं संध्याकाळी भरल्या सडकेवर जोरात वळसा घालून दुसऱ्याच्या बाजूला जाणं ही बेपर्वाई आहे आणि मृत्यू तिच्यामुळेच झाला. आणि तिसरी, जिच्यासाठी मी तिथं उभी राहिले होते: ‘बैलगाडी त्या वेळी आपल्या बाजूने चालत होती.’

आत्याबाईंना मी हे वाक्य समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे येऊनच राह्यली होती ना? मंग एवढे दिवस काऊन लावले?”

शिक्षा चार महिने सक्तमजुरी आणि पाचशे रुपये दंड. वर्ध्याला अपील झालं. मोठ्या कोर्टात नागपूरचा वकील आला, पोराचं वय सांगितलं गेलं, आईचं आजारपण सांगितलं गेलं, आणि चार महिन्यांचा एक महिना झाला. दंड तसाच राहिला. गावात लोक म्हणाले, एवढंच? मालकांनी तर पारावर बसून मोठ्यानं सांगितलं की सुनेनं घर बुडवलं आणि पोरगा महिन्यानं सुटून येणार. पोरगा महिन्यानं सुटून आलाही. त्याच्या काकांनी पुढं त्याला रीतसर लायसन काढून दिलं, असंही कळलं. मी त्यातलं काही नाकारत नाही. माझा माणूस परत मिळेल किंवा पोराचं आयुष्य नासेल म्हणून मी गेले नव्हते. अपिलाच्या निकालाची नक्कल मी फी भरून काढली आणि पाहून घेतलं. गाडी चालत असल्याचं वाक्य वरच्या कोर्टानंही जसंच्या तसं ठेवलं होतं. वकिलानं त्यावर दोन तास खर्च केले होते.

मला लोक विचारतात की दोन हजार घेतले असते तर काय बिघडलं असतं. जे विचारतात त्यांना मी उलट विचारते की तुमच्या घरच्या माणसाबद्दल, तो बोलायला नसताना, तुमच्याच तोंडून खोटं वदवू द्यायला तुम्ही किती घ्याल ते सांगा. अजून कोणी आकडा सांगितलेला नाही. मुली मोठ्या झाल्या. दोघींची लग्नं साध्या रीतीनं झाली, कापसाच्या पैशांतून, मालकांना न विचारता. धाकटीचं सासर पुण्याकडं आहे. पहिल्या वर्षी ती सासूला म्हणाली, “मी भाजी करून राह्यली,” तर सासू विचारायला लागली, झाली का? ती मला फोनवर हे सांगून हसत होती. मी तिला सांगितलं, बदलू नको, त्यांनाच शिकव.

दंडाची रक्कम भरली गेली नोव्हेंबरात. पाचशेपैकी शंभर सरकारजमा झाले. चारशे मृताच्या वारसांना द्यावेत असा कोर्टाचा हुकूम होता, ते कोर्टाचा हिशोब पाहणाऱ्या नाझरानं माझ्या हातात मोजून दिले आणि मी पावतीवर मराठीत सही केली. लायसन नसल्याबद्दलचा वेगळा दंड पन्नास रुपये, तोही सरकारजमा. माझ्या साक्षीचा भत्ता एक रुपया पंचाहत्तर नये पैसे, मला. आत्याबाईंना काही नाही, कारण त्यांना कोणी बोलावलंच नव्हतं.